नवं इंजिन, जुने गाइड

गेले दोन-तीन शनिवार-रविवार रिलीजच्या धबडग्यात गेले, त्यामुळे इथे काही लिहिणं झालं नाही. त्यातच परवा ऑफिसातल्या एका मुलाने सेकंड हँड गाडीची जाहिरात दाखवली. "इंजिन फुल्ली रिबिल्ट, फक्त ५००० किमी" असं त्यात ठळक लिहिलेलं. तो म्हणाला, "बघ ना, म्हणजे नव्यासारखंच झालं की!" मी त्याला विचारलं, "गाइडची मापं विचारलीस का?" तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी मुलीची पत्रिका मागितली. तेव्हाच ठरवलं, या वीकेंडला हे लिहून टाकायचं. गाड्यांत रस नसलेल्यांनी आजचा लेख सोडून द्यावा, राग येणार नाही. :-)

माझं मत आधीच सांगतो म्हणजे भांडायला बरं. ज्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह गाइडची मापं कागदावर नाहीत, त्याला 'रिबिल्ट' म्हणू नये. 'उघडून पुन्हा बंद केलेलं' म्हणावं. आणि ऑइल खाणार्‍या हेडवर नुसते नवे व्हॉल्व्ह सील बसवणं हा इलाज नाही. ती पुढे ढकललेली तारीख आहे.

हे मत फुकट बनलेलं नाही. पहिल्या कामाचे बासष्ट हजार, दुसर्‍याचे अडतीस हजार, शिवाय एका माणसाशी वर्षभर तोंड वाकडं. सविस्तर सांगतो.

आमच्याकडे २००२ सालची होंडा सिटी आहे. तीच ती, चौकोनी तोंडाची, १.५ व्हीटेक. १४९३ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, १०६ बीएचपी. आजच्या पोरांना १०६ म्हणजे काहीच वाटणार नाही, पण एक टनाच्या आसपासच्या गाडीत तेव्हा ते प्रकरण काय होतं ते ज्यांनी चालवलीय त्यांनाच ठाऊक. गाडी दादाची. त्याने पहिल्या चार वर्षांच्या पगारातून घेतली आणि २००६ मध्ये तिच्यावर 'काम' करून घेतलं. हेडचं पोर्टिंग, मोकळा एग्झॉस्ट आणि घासून घेतलेला कॅमशाफ्ट, म्हणजे मूळचाच कॅम ग्राइंड करून जास्त लिफ्टचा केलेला. त्यानंतर ती गाडी ७००० आरपीएमला जो आवाज करायची, तो ऐकून सोसायटीतले जोशीकाकू टाइपचे लोक खिडक्या लावून घ्यायचे. २०११ मध्ये दादा मेलबर्नला गेला आणि जाताना किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, "विकू नकोस. कॅम पुन्हा असा मिळणार नाही."

तर विकली नाही. २०२२ मध्ये रजिस्ट्रेशन पुन्हा पाच वर्षांसाठी वाढवायची वेळ आली. तोवर पावणेदोन लाख किमी झाले होते, सकाळी धूर मारायची, पिकअप गेलेला. म्हटलं, होऊ दे खर्च, फुल इंजिन करू. काम दिलं आमच्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे. बाबांच्या बजाज स्कूटरपासून आमच्या घरच्या सगळ्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्यात. नव्या रिंगा, नवी बेअरिंग, सिलिंडरला हॉनिंग, हेडला फेसिंग, व्हॉल्व्हना लॅपिंग, सोळाच्या सोळा नवे सील, गॅस्केट सेट, ऑइल पंप. बिल बासष्ट हजार. गाडी घरी आली तेव्हा आयडलिंगला टपरीवरचा चहाचा ग्लास इंजिनावर ठेवला असता तरी डुचमळला नसता.

पहिले हजारेक किमी मजेत गेले. मग सकाळी सुरू करताना एक निळसर भपकारा दिसायला लागला. काका म्हणाले, "रिंगा बसायच्यात अजून, दोन हजार होऊ दे." दोन हजार झाले. तीन झाले. डिपस्टिकवर ऑइल खाली खाली जात होतं. मी एक्सेलमध्ये नोंदी ठेवतो (सवय हो, दुसरं काय), त्यात स्पष्ट दिसत होतं की हजार किमीला पाऊण लिटर, मग एक लिटर. रिंगा बसत असत्या तर आकडा उतरला असता. तो चढत होता.

शेवटी खात्री पटली ती सातार्‍याहून येताना. खंबाटकीचा बोगदा संपला की जो उतार लागतो, तिथे मी तिसर्‍या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढून उतरत होतो. मागच्या गाडीत माझा मित्र. उतार संपल्यावर मी पाय दिला आणि त्याचा लगेच फोन. "अरे, तुझ्या गाडीतून डास मारायची फवारणी चाललीय!"

इथे जरा थांबून समजावून घेऊ, कारण धुराची वेळ हीच निम्मी तपासणी असते. रिंगांमधून ऑइल जात असेल तर धूर साधारणपणे जोर देताना, चढावर, सतत दिसतो. गाइडमधून जात असेल तर दोन वेळा ठरलेल्या. एक, रात्रभर उभी राहिल्यावर सुरू करताना. हेडवर साचलेलं ऑइल दांडीच्या बाजूने थेंबाथेंबाने झिरपून व्हॉल्व्हच्या पाठीवर बसलेलं असतं, ते पहिल्या काही सेकंदांत जळतं. दोन, लांब उतारानंतर पाय देताना. पाय काढलेला असताना थ्रॉटल बंद असतो आणि पिस्टन हवेसाठी ओढत राहतात. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या एक-तृतीयांशापेक्षाही खाली जाऊ शकतो. वर हेडमध्ये ऑइलचा फवारा आणि साधारण बाहेरच्या हवेइतका दाब, खाली पोर्टमध्ये ओढ. या दोघांच्या मधे असते ती फक्त गाइड आणि दांडी यांच्यातली फट आणि तिच्यावर बसलेली रबराची टोपी. उतार संपेपर्यंत ऑइल गोळा होतं आणि पाय दिला की मिरवणूक निघते.

(हेड उघडायच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह मात्र तपासा बरं का. तो अडकला तरी अशीच लक्षणं येतात आणि तो काही शे रुपयांत मिळतो. मी तपासला होता. माझं नशीब तेवढं चांगलं नव्हतं.)

आता फट म्हणजे किती? या इंजिनात व्हॉल्व्हची दांडी साधारण साडेपाच मिमी जाडीची. गाइडमध्ये ती सरकायला जागा हवी, पण किती, तर इनटेकला साधारण २० ते ५० मायक्रॉन आणि एग्झॉस्टला, तो जास्त तापतो म्हणून, ५० ते ८०. इनटेक ८० मायक्रॉनच्या पुढे गेला की मॅन्युअल म्हणतं, बदला. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे सगळा खेळ एका केसाच्या आत आहे.

"पन्नासाचे शंभर झाले म्हणून एवढं काय बिघडतं?" असं मलाही वाटायचं. पण अरुंद फटीतून द्रव जातो तो फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात. फट दुप्पट झाली तर वाट आठपट मोकळी, तिप्पट झाली तर सत्तावीसपट. आणि दांडी मधोमध न राहता एका बाजूला टेकून राहिली तर त्याच फटीतून आणखी अडीचपटीपर्यंत. अर्थात वर सील असतो आणि तोच माप ठरवतो, म्हणून हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण सील हटला की मागे काय दार उघडं आहे, हे यातून कळतं.

उलट बाजूने गंमत बघा. हजार किमीला एक लिटर हे ऐकायला भयंकर वाटतं. ताशी ८० च्या वेगाला इंजिन साधारण २५०० आरपीएमवर फिरतंय असं धरलं, तर एका किमीमध्ये १८७५ फेरे. दर दोन फेर्‍यांना प्रत्येक सिलिंडर एकदा श्वास घेतो, म्हणजे चार सिलिंडरचे मिळून ३७५० श्वास. हजार किमीला साडेसदतीस लाख. एक लिटर म्हणजे दहा लाख घन मिमी. भागाकार करा. प्रत्येक श्वासाला पाव घन मिमी ऑइल! खसखशीच्या अर्ध्या दाण्याएवढं. एवढ्याशा गळतीने मागच्या माणसाला डोळे चोळायला लागतात.

परत गोष्टीकडे. मी काकांकडे गेलो. त्यांनी कॉम्प्रेशन गेज लावलं. चारही सिलिंडर १८५ ते १९० पीएसआयच्या मधे. काका विजयी मुद्रेने म्हणाले, "बघ. इंजिनाला काही झालेलं नाही. ऑइल हलकं घातलंयस तू."

ही जागा नीट लक्षात घ्या, कारण इथेच बहुतेक वाद हरले जातात. कॉम्प्रेशन टेस्टला गाइड दिसतच नाही! टेस्टच्या वेळी व्हॉल्व्ह आपल्या सीटवर बसलेला असतो आणि गाइड त्याच्या पलीकडे, पोर्टच्या बाजूला. ज्वलनकक्षातली हवा रिंगांमधून किंवा सीटमधून निसटू शकते, गाइडमधून निसटायचा प्रश्नच येत नाही. लीक-डाउन टेस्टचंही तेच. आमच्या धंद्यात याला म्हणतात सगळे युनिट टेस्ट हिरवे आणि प्रॉडक्शन आडवं. टेस्ट खोटी नव्हती. ज्या प्रश्नाचं उत्तर ती देते तो प्रश्न वेगळा होता.

मी चिडलो. बोललो जरा जास्तच. "बासष्ट हजार घेतले, सील तरी ओरिजिनल घातलेत का?" असं त्यांच्या पोरांसमोर विचारलं. काकांनी काही उत्तर दिलं नाही, स्पॅनर पुसत आत गेले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी त्या गल्लीतून गेलो नाही.

पुढे २०२३ मध्ये एका ओळखीच्याने सांगितलं म्हणून नुसतं हेड उतरवून कोल्हापूरला घेऊन गेलो, उद्यमनगरात. त्या भागात कास्टिंग आणि लेथ यांच्यावर पिढ्या वाढल्यात, तिथे हेड दाखवायचं म्हणजे डॉक्टरांच्या आळीत रिपोर्ट दाखवण्यासारखं आहे. एका छोट्याशा शॉपमध्ये साठीच्या एका टर्नरने एक व्हॉल्व्ह दहा मिमी वर उचलला, डायल लावला आणि दांडी दोन बोटांनी हलवली. काटा झुलला. मग त्याने बोअर गेज आणि मायक्रोमीटर काढून सोळाही गाइडची मापं घेतली, एकेका गाइडला वर, मधे आणि खाली, आणि आडव्या-उभ्या दोन दिशांनी. त्याने ती खडूने बेंचवर लिहिली, मी फोटो काढला. सर्वांत वाईट इनटेक १०५ मायक्रॉन. सर्वांत वाईट एग्झॉस्ट १६०. आणि भोकं गोल राहिलेली नव्हती. वरून आणि खालून लंबगोल, मधे बरी. वाळूच्या घड्याळासारखी, पण उलटी कल्पना करू नका, टोकांना रुंद आणि मधे अरुंद अशी.

मी त्याला माझे काळे पडलेले, वर्षभर जुने सील दाखवले. ओठ एका बाजूने घासून पातळ झालेले. तो हसला. "सायेब, सील काय करणार वो? दरवाजाच हलायलाय, कडी कितीबी नवी लावा."

यापेक्षा सोपं करून मला सांगता येणार नाही. सीलचा ओठ गोल असतो आणि दांडी सरळ वर-खाली जाईल या भरवशावर बनवलेला असतो. दांडी प्रत्येक वेळी डावी-उजवी डुलली तर तो ओठ एका बाजूला दाबला जातो, दुसरीकडे उघडा पडतो. २५०० आरपीएमला मिनिटाला साडेबाराशे वेळा. नवं रबर लवचिक असतं, ते काही दिवस निभावून नेतं. म्हणूनच पहिले हजार किमी मजेत गेले होते! रिंगा बसायच्या राहिल्या नव्हत्या, सील मरायचे राहिले होते.

पण गाइड एवढे झिजले का? पावणेदोन लाख किमी हे कारण आहेच, पण त्या टर्नरने व्हॉल्व्हची टोकं भिंगाखाली धरली आणि रॉकरचा घासलेला डाग दाखवला. डाग टोकाच्या मधोमध नव्हता, कडेला सरकलेला होता. "कॅम घासलाय न्हवं?"

घासलाय. कॅम ग्राइंड करून लिफ्ट वाढवायचा म्हणजे नाकावर धातू चढवत नाहीत, पोटाचा कमी करतात. कॅमचा गोल भाग लहान होतो, रॉकर मूळ जागेपेक्षा वळून बसतो. अ‍ॅडजस्टिंग स्क्रूने क्लिअरन्स जुळतो, टॅपेटचा आवाजही येत नाही, पण रॉकर व्हॉल्व्हला आता सरळ खाली न दाबता थोडं बाजूला ढकलत असतो. त्यात जास्त लिफ्ट, म्हणजे बाजूला ढकलायचं अंतर जास्त. ती सगळी ढकल सोसतो कोण? गाइड. दादाच्या त्या आवाजाचा हप्ता सतरा वर्षं गाइड भरत होते.

माझं ठाम मत आहे की परफॉर्मन्स इंजिनात गाइड हा इंजिन ऑइलसारखा संपणारा माल समजला पाहिजे. हे फक्त आपल्याकडच्या जुगाडाचं दुखणं नाही. शेवरोले कॉर्व्हेट झेड०६ मध्ये २००६ ते २०१३ या काळात एलएस७ नावाचं सात लिटरचं, ५०५ हॉर्सपॉवरचं इंजिन यायचं. टायटॅनियमचे इनटेक व्हॉल्व्ह, आतून पोकळ आणि सोडियम भरलेले एग्झॉस्ट व्हॉल्व्ह, ७००० ची रेडलाइन. हाताने जुळवलेलं इंजिन. आणि त्याची जगभर बदनामी कशावरून, तर व्हॉल्व्ह गाइड! मालक लोक रॉकर उतरवून व्हॉल्व्ह हलवून बघायचे, त्याला 'विगल टेस्ट' असं नावच पडलं. कंपनीने पुढे काही इंजिनांच्या हेडमध्ये गाइड आणि सीट एका केंद्रावर मशीन झालेले नव्हते असं मान्य केलं. तिथे प्रकरण ऑइल पिण्यावर थांबत नव्हतं, व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर पडायचं. पोर्शच्या हवेने थंड होणार्‍या शेवटच्या ९११ मध्ये, म्हणजे ९९३ मध्ये, झिजलेल्या गाइडमधून आलेल्या ऑइलचा कार्बन हेडमधल्या हवेच्या बारीक वाटा बुजवतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा इमिशनचा, दुखणं गाइडचं, आणि कायमच्या इलाजासाठी हेड उतरवावी लागतात. एवढ्या मोठ्या लोकांचं हे, तर माझ्या सिटीचं काय घेऊन बसलात.

आता विरोधी बाजू. ती कच्ची नाही. आमच्या ऑफिसातला एक जण म्हणतो, "अरे, ऑइल घालत राहा ना! काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येसुद्धा हजार किमीला अर्धा-एक लिटर चालतं म्हणून लिहिलेलं असतं." हिशेबही त्याच्याच बाजूचा आहे. मी वर्षाला आठ हजार किमी चालवतो. आठ लिटर, लिटरला पाचशे धरले तर चार हजार. हेडच्या कामाचे अडतीस हजार वसूल व्हायला साडेनऊ वर्षं. एक्सेल म्हणतं, घालत राहा.

पण एक्सेलच्या त्या शीटमध्ये काही रकाने नाहीत. हवा-पेट्रोलच्या मिश्रणात ऑइल मिसळलं की त्याची नॉकिंग सहन करायची ताकद कमी होते, आणि परफॉर्मन्स इंजिन आधीच त्या रेषेवर उभं असतं. ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हळूहळू निकामी करतो. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधून जाते, पण उरलेली दांडीवाटे गाइडमधूनच बाहेर पडायची असते. ढिल्या गाइडमध्ये ती नीट जात नाही, आणि डुलणारा व्हॉल्व्ह सीटवरही रोज वेगळ्या जागी बसतो. आज ऑइल पितोय तो उद्या जळका व्हॉल्व्ह होतो. शिवाय मागच्या स्कूटरवाल्याच्या नाकाचा रकाना तर कोणाच्याच शीटमध्ये नसतो. नवं इंजिन केलेलं नसतं तर मीही घालत राहिलो असतो कदाचित. पण नव्या रिंगा आणि जुने गाइड ही जोडी म्हणजे नवं छत आणि ओली भिंत.

काम कसं झालं ते थोडक्यात. हेड भट्टीत तापवलं, गाइड फ्रीझरमध्ये थंड केले, मग ठोकून बसवले. बसवल्यावर भोक किंचित आवळतं, म्हणून रीमर फिरवून अंतिम माप. आणि त्यानंतर, हे अतिशय महत्त्वाचं, सगळ्या सीट पुन्हा कापल्या. कारण सीट कापायचं हत्यार गाइडच्याच भोकात धरून फिरवतात. गाइड नवा म्हणजे केंद्र नवं, जुनी सीट त्याला जुळेलच असं नाही. जुन्या सीटवर नुसतं लॅपिंग करून दिलं तर तुमच्या घरीच छोटा एलएस७ तयार. गाइड फॉस्फर ब्राँझचे घालावेत की कास्ट आयर्नचे यावर तिथे अर्धा तास चर्चा झाली, चहा झाला, मी कास्ट आयर्नचे घेतले. रेस करायची नाहीये मला.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. कोल्हापूरहून परत येताना मला २०२२ मधला एक संवाद आठवला. आठवला म्हणजे, विसरलो कधीच नव्हतो, सोयीने बाजूला ठेवला होता. हेड उघडं असताना काकांनी मला बोलावून विचारलं होतं, "गाइडचं काय करायचं? लेथवर पाठवायचं तर आठ दिवस जास्त लागतील, अन् वीसेक हजार वेगळे." मी घड्याळात बघत विचारलं होतं, "चालतील का पण?" ते म्हणाले, "चालतील तसे." मी म्हटलं, "मग राहू द्या."

त्यांनी मापलं नव्हतं, ही त्यांची चूक. मी माप विचारलं नाही, ही माझी. आपण गॅरेजमध्ये दोनच प्रश्न विचारतो, किती होतील आणि कधी मिळेल. 'किती माप आलं' हा तिसरा प्रश्न विचारणारं गिर्‍हाईक त्यांना वर्षानुवर्षं भेटलेलं नसतं. ज्या गोष्टीचे पैसे कोणी देत नाही ती गोष्ट कोण कशाला करेल? आमच्याकडे मॅनेजर "टेस्टिंगला वेगळे आठ दिवस कशाला?" म्हणतो तेव्हा मी कँटीनमध्ये त्याच्या नावाने बोटं मोडतो. आणि इथे मीच तो मॅनेजर.

म्हणून जाहिरातीतल्या 'रिबिल्ट'बद्दल माझा आग्रह आहे तो कागदाचा. आठ ओळींचा असू दे, हाताने लिहिलेला असू दे. गाइडची आधीची मापं, नंतरची मापं, सीट कापल्या की नाही. ज्याच्याकडे तो नाही त्याच्या गाडीची किंमत मी बिना-रिबिल्ट गाडीएवढीच धरीन. ऑफिसातल्या त्या मुलालाही तेच सांगितलं. त्याने विक्रेत्याला फोन करून विचारलं तर तो म्हणाला, "सील सगळे नवे आहेत सर!"

काकांकडे गेल्या दिवाळीत गेलो, फराळाचा डबा घेऊन. बेंचवरच्या खडूच्या आकड्यांचा प्रिंट सोबत नेला होता. त्यांनी चष्मा लावून सोळाही आकडे वाचले, म्हणाले, "एकशेसाठ? बाप रे." मग थोड्या वेळाने, "तो दादाचा कॅम काढलास का?"

काढला. नव्या गाइडवर तोच कॅम बसवायचा म्हणजे पुन्हा मीटर चालू. एका स्क्रॅपच्या सिटीतला स्टॉक कॅम मिळाला, तो बसवला, व्हॉल्व्हच्या टोकावरचा डाग आता मधोमध येतो. गाडी नऊ हजार किमी चाललीय, ऑइल बदलायच्या दोन वेळांमध्ये पाव लिटरसुद्धा घालावं लागलं नाही. ५५०० च्या वर मात्र ती पूर्वीसारखी ओरडत नाही. जोशीकाकूंच्या खिडक्या उघड्या असतात.

दादाचा कॅम ऑइल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवलाय. त्याला अजून सांगितलेलं नाही. दादा, हे वाचत असशील तर रविवारी फोन करतो. चिडू नकोस.